बाईंचा निरोप

४ जानेवारी

भिंगरी,

वर आशीर्वाद लिहिले तर तू पत्र तिथेच मिटशील, म्हणून लिहिले नाहीत. कामाचं आहे तेवढं वाच.

तुझ्या आईच्या शाळेत नवीन वाचनालय बांधलंय, त्याला तिचं नाव द्यायचं ठरलंय. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला कार्यक्रम आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी तुला दोन पत्रं घातली म्हणे, तू उत्तर दिलं नाहीस. मग त्या माझ्याकडे आल्या. मुख्याध्यापिका म्हणजे तीच, जी पहिलीत असताना दुपारी बाकावर झोपायची आणि तिची झोप मोडू नये म्हणून तुझी आई बाकीच्या वर्गाला खुणांनी शिकवायची. आता सोनेरी काड्यांचा चष्मा लावून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, काका, तुमचा शब्द ती मोडणार नाही. मला हसू आलं. तिला वाटलं, मला भरून आलंय.

तर कार्यक्रमाला ये, चार शब्द बोल. हे एक. दुसरं म्हणजे ते लोक स्मरणिका काढतायत आणि मला लेख मागितलाय. विषयसुद्धा त्यांनीच देऊन टाकलाय, 'आदर्श शिक्षिका, पत्नी आणि माता'. क्रम बघ कसा चोख लावलाय. खरं तर तोही दाक्षिण्यापोटी. शिक्षिकेच्या मागे लगेच आपण नव्हतोच. मधे अडतीस मुलं होती, दरवर्षी नवी अडतीस.

चार दुपारी मी जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसलो. याच टेबलावर ती दर रविवारी वर्गातल्या पेन्सिलींना टोक काढायची. अर्धं ब्लेड, पुढ्यात जुनं वर्तमानपत्र. मुलांना टोकयंत्र द्यायची नाही, म्हणायची की त्यांचं लक्ष टोकातच अडकतं. रविवारी मी दुकानातून सुट्टी घ्यायचो. का घ्यायचो, हे तिने कधी विचारलं नाही.

लेखात हे लिहिता येत नाही. लेखात लिहायचं की ती दिव्यासारखी होती वगैरे. ते लिहायला बाकी सगळे आहेतच. मला रस्त्यात माणसं थांबवतात. बँकेतला कारकून, बसचा कंडक्टर, ती औषधाच्या दुकानातली. प्रत्येकाचं एकच, बाई होत्या म्हणून मी माणसात आलो. मी मान डोलावतो. तुमचं कसं चाललंय, असं आजवर एकाने विचारलेलं नाही.

आणि एक सांगून ठेवतो, कारण तुझ्या मनात काय काय आहे ते मला ठाऊक आहे. तिचे शेवटचे चार महिने मी एकट्याने काढले. गळ्यातली नळी मी साफ केली, तिचे केस मी विंचरले, तिची अंथरुणं मी धुतली. त्यात कुणाचा हात लागला नाही. तुझाही नाही.

येणार की नाही, तेवढं कळव.

तुझा बाप (एवढं तरी नाकारता येणार नाही)


२१ जानेवारी

भिंगरी,

दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. पाच ओळी. जावयाने पत्ता घातलेला दिसतोय, म्हणजे पाकिटावर माझं नाव लिहायचीही तुला इच्छा झाली नाही. ठीक आहे.

कार्यक्रमाचं तू काहीच लिहिलं नाहीस. फक्त विचारलंस की दर दुसऱ्या रविवारी तू फोन करायचीस आणि मी सांगायचो, आईचा घसा बसलाय, तेव्हा तिला कॅन्सर आहे हे मला माहीत होतं का.

होतं.

पण ते असं एका शब्दात सांगण्यासारखं नाही, म्हणून थोडं मागून सांगतो. तुला आमचं लग्न कसं जमलं ते कुणी धड सांगितलेलं नाही. मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात नवीन होतो, आतल्या खोलीत बसून भिंगं घासायचो. एका संध्याकाळी तुझी आई एका सात वर्षांच्या मुलीचा हात धरून आली. त्या मुलीला आधीच्या मास्तरांनी मठ्ठ ठरवलेलं. फळ्यावरचं सगळं चुकीचं उतरवायची. तुझ्या आईने तिला रोज एकेक पाऊल पुढे उभं करून बघितलं आणि जिथून तिला वाचता आलं तिथे जमिनीवर खडूने रेघ मारली. दुकानात येऊन मालकाला म्हणाली, ही चार पावलांवरचं वाचते, पाचव्यावरचं नाही, चष्मा करून द्या. डॉक्टरांकडून नंबर काढून आणा म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तोही काढून आणला. मी भिंगं घासून फ्रेमला बसवली. मुलीने चष्मा लावला, दुकानाच्या दारात उभी राहिली आणि रस्त्यापलीकडच्या पाट्या मोठ्याने वाचत सुटली. एक झाली की दुसरी. आणि तुझी आई हसली.

मी त्या हसण्याशी लग्न केलं. ते हसू त्या पोरीसाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं, हे कळायला काही वर्षं गेली.

म्हणजे माझ्या आयुष्यात ती आली तीसुद्धा एका विद्यार्थिनीचा हात धरून. तक्रार करत नाही. ती वाईट बायको नव्हती. माझे शर्ट इस्त्रीचे असायचे, दुखलंखुपलं ती विचारायची. पण घरी यायची ती घसा कोरडा करून, आणि बोलायचं सगळं शाळेत संपलेलं असायचं. मी काही सांगायला लागलो की म्हणायची, ऐकतेय. आणि डोळे मिटलेले. चिडलो की मी तिला 'बाई' म्हणायचो. तिला ते कळायचं नाही, तिला सगळेच बाई म्हणायचे.

हे तुलाही माहीत आहे. आई असताना शेवटची इथे आलीस तेव्हा तूच टेबलावर म्हणालीस ना, मी तुझ्या वर्गात असते तर तुला माझा वाढदिवस लक्षात राहिला असता. तीन वर्षांनी आठ दिवसांसाठी आलेली मुलगी, आणि ही सुट्टीतसुद्धा कच्च्या मुलांचा वर्ग घ्यायला गेलेली. तेव्हा ती काय म्हणाली, आठवतं? तू घरची आहेस, घरच्यांचं नंतर केलं तरी चालतं असं मला वाटायचं. तू पाचव्या दिवशीच निघालीस. मी तुझी बॅग उचलून बसपर्यंत आलो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. त्या घरात माझ्या बाजूचं कुणीतरी आहे, असं पहिल्यांदा वाटलं.

आता तुझ्या प्रश्नाचं. तिनेच मला बजावलं होतं, भिंगरीला कळवू नका, तिची नवी नोकरी आहे, उगाच धावत येईल. मी तिचा शब्द पाळला. दोष द्यायचाच असेल तर तिला दे, पण ती आता वाचनालय झाली आहे, तिला दोष देता येणार नाही.

कार्यक्रमाचं कळव. मुख्याध्यापिका रोज विचारतात.

बाबा


२ फेब्रुवारी

भिंगरी,

या वेळी एकच ओळ. 'आई असं म्हणणार नाही.'

मी ती ओळ चार दिवस खिशात घालून फिरलो. दुकानातही नेली. आता मी दुकानात नुसता बसतो. भिंगं घासायला यंत्र आलंय, मालकाच्या नातवाने आणलेलं. गिऱ्हाइकांना मी फ्रेमा दाखवतो. तर तिथे बसून मी ठरवत होतो की तुला काय उत्तर द्यायचं, आणि दर वेळी नवीन खोटं सुचायचं, आधीच्यापेक्षा चांगलं. आयुष्यभर भिंगं घासली, त्यामुळे गुळगुळीत करायला वेळ लागत नाही.

ती असं म्हणाली नव्हती.

उलट घशाचं निदान झालं त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवरच तिने सांगितलं, आज भिंगरीला फोन करू. मी म्हटलं, ऑपरेशन होऊ दे, मग करू, उगाच घाबरेल. ती म्हणाली बरं. ऑपरेशनमध्ये तिचं स्वरयंत्र काढलं. त्यानंतर तिला फोनवर बोलता येणारच नव्हतं. एकतीस वर्षं त्या आवाजावर शाळा चालली, आणि आता ती गळ्याच्या भोकातून श्वास घ्यायची आणि वहीत लिहून सांगायची. तुझा फोन बाहेरच्या खोलीत वाजायचा. मी उचलायचो. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, असं सांगायचो. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता, बघ. आत येऊन तिला सांगायचो, दुकानातून होता.

सगळंच सांगायला बसलोय तर हेही घे. मुलं यायची. वर्गातली, जुनी, मोठी झालेली, कुणी फुलं घेऊन, कुणी नुसतीच. मी दार अर्धं उघडून सांगायचो, बाईंना विश्रांती हवी आहे. पंधरा दिवसांनी ती यायची थांबली. मुख्याध्यापिका दोनदा आल्या, त्यांनाही दारातूनच पाठवलं. नळी साफ करायला एक परिचारिका घरी यायची, तुझ्या आईचीच विद्यार्थिनी. सगळं काम तिच्याकडून शिकून घेतलं आणि सहा आठवड्यांनी तिला म्हटलं, आता तू येऊ नकोस, मला जमतं. तुझ्या आईने वहीत लिहून विचारलं की मुलं येत नाहीत का. मी म्हटलं, परीक्षा आहेत.

का, असं तू विचारशील. तुला आठवत नसेल, तू दोन वर्षांची होतीस. दुकानात घासताना काचेचा कण माझ्या डाव्या डोळ्यात गेला होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून मला सहा आठवडे घरी ठेवलं होतं. तुझ्या आईने शाळेतून रजा घेतली. तिच्या नोकरीतली तेवढी एकच मोठी रजा. ती सकाळी मला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत, आणि मग आम्ही त्या बातम्यांवर भांडायचो. माझ्या ताटात कुठे काय वाढलंय ते घड्याळासारखं सांगायची, बाराला हे, तीनला ते. सहा आठवडे तिचं सगळं बोलणं माझ्याशी होतं. पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले नजर वाचली, आणि मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

म्हणून. ती आजारी पडली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? मी तो कुणाला सांगितलेला नाही. वाटलं, आता ही माझी. आता हिला शाळा नाही, अडतीस मुलं नाहीत. आणि तुला कळवलं असतं तर तू आली असतीस, तिच्या उशाशी बसली असतीस, तुम्ही दोघी समेट केला असता आणि मी पुन्हा चहा करायला आत गेलो असतो.

मी तिला छळलं नाही. हे मात्र लक्षात ठेव. तिची जेवढी सेवा मी केली तेवढी कुणी केली नसती. पण दारं मी लावली होती, हे खरं आहे.

बाबा


९ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितोय. सोबत जाड पाकीट आहे. ते उघडायच्या आधी हे वाच.

मागच्या पत्रात मी सगळं सांगतोय म्हणालो. सगळं नव्हतं.

परवा मुख्याध्यापिकांनी स्मरणिकेची छापायला जायची पानं मला वाचायला दिली, नजरचुकीने काही राहिलं असेल तर सांगा म्हणून. त्यात त्या परिचारिकेचा लेख आहे. साधा आहे, बरा आहे. त्यात एक वाक्य आहे. 'बाई मुलीला लांबलचक पत्रं लिहायच्या, मी त्यांच्या पाठीला उशी लावून द्यायची.' मी मुख्याध्यापिकांना म्हटलं, एवढं वाक्य काढा, घरगुती आहे. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, का हो काका, यात काढण्यासारखं काय आहे? मी पानं परत दिली. बाईंची मुलं फार चांगली तयार झाली आहेत.

म्हणजे वाक्य छापलं जाणार, तू ते वाचणार, आणि कोणती पत्रं असं विचारणार. मी स्वतःहून कबूल करतोय असं समजू नकोस. पकडला जाणार म्हणून कबूल करतोय. निदान हे तरी खरं लिहितो.

तिने तुला तीन पत्रं लिहिली. पाकिटात घालून, तुझा पत्ता स्वतःच्या हाताने घालून माझ्याकडे दिली. प्रत्येक वेळी मी टाकून येतो म्हणून बाहेर पडलो. पोस्टाची पेटी आपल्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. मी तिच्यावरून पुढे दुकानापर्यंत गेलो आणि घासायच्या चाकाखालच्या खणात पत्र ठेवलं. तीनदा. परत आल्यावर ती मानेनेच विचारायची, टाकलं? मी म्हणायचो, टाकलं.

फाडावीत असं मनात आलं होतं, पण तिचं अक्षर फाडायला हात धजला नाही. ते अक्षर तुला माहीत आहे, पहिलीच्या मुलाने बघून गिरवावं असं.

पहिलं मी फोडलंय. चिकटवून परत नीट करता आलं असतं, पण केलं नाही. मला वाटलं होतं, त्यात माझ्याविषयी तक्रार असेल. माझ्याविषयी तीन ओळी आहेत आणि तिन्ही चांगल्या आहेत. लिहिते, बाबा माझं इतकं करतात की मला लाज वाटते, मी त्यांचं कधी एवढं केलं नाही. ते वाचून मला संताप आला. कुणावर ते विचारू नकोस. बाकीची दोन फोडली नाहीत. त्यात काय आहे, मला माहीत नाही, आणि तूही मला सांगू नकोस.

शेवटी मी तुला फोन केला तेव्हा तिची शुद्ध हरपलेली होती. तू दोन दिवसांचा प्रवास करून पोहोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू विचारलंस, आधी का नाही सांगितलं, आणि मी म्हटलं, अचानक झालं. टेबलावर ऑपरेशनचे कागद होते, चार महिन्यांपूर्वीची तारीख घातलेले. ते तू वाचलेस, माझ्याकडे बघितलंस आणि त्यानंतर मला कधी फोन केला नाहीस. दोन वर्षं मी मनात म्हणत आलो की मुलगी किती कठोर आहे. शेजारणीलाही तसंच सांगितलंय.

कार्यक्रमाला ये. माझ्यासाठी नाही. त्या लोकांनी मनापासून केलंय सगळं.

बाबा


२७ फेब्रुवारी

भिंगरी,

तू काल दुपारच्या गाडीने गेलीस आणि आज हे पत्र लिहायला घेतोय. तू पोहोचायच्या आधी ते पोहोचणार नाही, हे बरंच आहे.

'कार्यक्रमाला येते. तुमच्याकडे उतरणार नाही,' एवढं कार्ड पाठवून तू येशील असं मला वाटलं नव्हतं. मी नऊलाच शाळेत जाऊन बसलो. मला पहिल्या रांगेत बसवलं, छातीला कागदी फूल लावलं. तू मुख्याध्यापिकांबरोबर आत आलीस आणि माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसलीस. केसांत पांढरं आलंय तुझ्या. चालतेस अगदी तिच्यासारखी, पिशवी उजव्या खांद्याला, मान किंचित पुढे. मी समोर फळ्याकडे बघत राहिलो.

मला बोलायला उभं केलं तेव्हा मी आभार मानले आणि बसलो. लेख मी दिलाच नव्हता. शेवटी त्या जागी त्यांनी तिचा फोटो छापला.

तू मात्र बोललीस. आईच्या वर्गात स्वतःची मुलगी नको असा शाळेचा नियम होता, म्हणून तू शेजारच्या तुकडीत होतीस, हे मला आठवत होतं. पण तुझ्या बाई सुस्त होत्या आणि तू भिंतीला लागून बसायचीस, पलीकडून आईचा आवाज यायचा, आणि तू वाचायला शिकलीस ती त्या आवाजावर, हे मला माहीत नव्हतं. कविता म्हणताना पलीकडची मुलं थांबली की तू इकडून पुढची ओळ म्हणायचीस आणि मार खायचीस. लोक हसले. मग तू म्हणालीस, "मी माझ्या आईची एकोणचाळिसावी विद्यार्थिनी होते. तिला ते ठाऊक नव्हतं." आणि बसलीस. मागच्या रांगेत कुणीतरी नाक पुसत होतं. मी वळून बघितलं नाही.

नंतर चहाच्या वेळी तू व्हरांड्यात माझ्याकडे आलीस. मला वाटलं होतं, तू मला चार लोकांत फाडून खाशील, आणि तसं केलं असतंस तर सोपं गेलं असतं. तू हळू आवाजात म्हणालीस, तिन्ही पत्रं वाचली. आणखी एकच विचारते, खरं सांगा.

"माझं उत्तर का येत नाही, असं तिने विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही. पत्रं लिहून झाली आणि मग तिला फारशी शुद्ध राहिली नव्हती. तिला दिवसांचा हिशेबच नव्हता."

तुझा चेहरा सैल झाला. मी तो बघितला. मग तू माझ्या हाताला हात लावलास, अगदी क्षणभर, जसा अनोळखी म्हाताऱ्याला रस्ता ओलांडताना लावतात तसा. म्हणालीस, निदान वाट बघणं तरी वाचलं तिचं. मग आपण दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. डोळ्यांत थेंब घालता का, असं तू विचारलंस. गाडीत बसताना म्हणालीस, मे महिन्यात बघते, जमलं तर चार दिवस येईन.

मी घरी आलो. दोन वर्षांत एवढं चांगलं काही माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मे महिन्याला किती दिवस आहेत, ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलंसुद्धा.

भिंगरी, ती रोज विचारायची.

तिची शुद्ध अगदी शेवटच्या दोन दिवसांत गेली. तोपर्यंत तिचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा ठिकाणावर होतं. साडेबाराला पोस्टमनची सायकल गल्लीत वळायची, तिची घंटा आतल्या खोलीत ऐकू यायची, आणि तिचा हात वहीकडे जायचा. एकच शब्द लिहायची, 'पोस्टमन?' मी मान हलवायचो. ती वही मिटायची. पुढे पुढे तर लिहीतही नव्हती, घंटा वाजली की नुसती माझ्याकडे बघायची. ती वही माझ्याकडे आहे. पानं चाळली तर तो शब्द किती ठिकाणी आहे, ते तूच बघ. मी मोजायला धजलो नाही. एकदा मी तिला म्हटलं, आपली मुलगी तशी रागीटच. तेव्हा तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

हे सांगून मी कुणाचं भलं करतोय? तुझं नक्कीच नाही. काल तू हलकी होऊन गेलीस आणि मी तुला तसंच राहू द्यायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. आज सकाळपासून मी स्वतःला तेच सांगत होतो. ते पटतही होतं, म्हणूनच मला त्याची भीती वाटली. आजवरचं प्रत्येक खोटं मला असंच पटलेलं आहे. दर वेळी कुणाच्या तरी भल्याचंच होतं.

आणि दुसरं कारण आहे. शेवटी शेवटी एका दुपारी सायकल येऊन गेली आणि तिने वही मागितली. मला वाटलं, तोच शब्द. पण ती बराच वेळ लिहीत होती, अक्षर मात्र तसंच. तिने तुला निरोप लिहिला. तुला कळवायला सांगितला. मी वाचला आणि सांगतो म्हणालो.

तो निरोप द्यायचा म्हणजे ती वाट बघत होती हे सांगावं लागणार होतं. एक सांगितल्याशिवाय दुसरं सांगता येत नव्हतं, म्हणून दोन वर्षं मी तो दिला नाही. काल व्हरांड्यात तू समोर उभी होतीस तेव्हाही दिला नाही. माझा हात तुझ्या हाताखाली होता आणि मला तो तिथून काढून घ्यायचा नव्हता, एवढंच.

मे महिन्यात तू येणार नाहीस, हे मी धरून चाललोय. वही वेगळ्या पाकिटात, पावती घेऊन पाठवतोय, म्हणजे गहाळ झाली असं मला म्हणता येणार नाही. निरोपाचं पान शेवटून तिसरं आहे. पण तुला ते शोधत बसायला लागू नये, म्हणून इथेही उतरवतो. माझा त्यात एकही शब्द नाही.

'भिंगरीला सांगा, मी पुष्कळ वाट पाहिली. ती आली नाही याचा मला राग नाही. तिला यायला जमलं नसेल. तिने स्वतःवर रागावू नये, आणि तुम्हीही तिच्यावर रागावू नका.'

बाबा